जित्याला दिलेला अग्नी

आमच्या घरात दोन माणसांना ती जिवंत असताना अग्नी दिला गेला. पहिले माझे काका आणि दुसरा माझा सख्खा भाऊ. दोन्ही वेळा अग्नी माझ्या वडिलांनीच दिला, तोही रीतसर, ओल्या पंच्याने, गावचे भटजी जोशीबुवा सांगतील तसा. हे कुणाला सांगायला लागलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग माझ्याकडे जरा जपून बघायला लागतो. म्हणून पहिल्यापासून नीट सांगते.

वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. काका त्यांचा धाकटा भाऊ. आमचं गाव रहाटणी. आता तिथे इमारती आहेत, तेव्हा ज्वारी आणि हरभरा होता, आणि खाणारी तोंडं पिकापेक्षा जास्त. दुसऱ्या महायुद्धात दोघे भाऊ बरोबरच भरती झाले, गोऱ्यांच्याच फौजेत. आबा ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेले, काका सिंगापूरला लष्करी लॉरीवर. सिंगापूर पडलं आणि काकांचा पत्ता लागेना. सरकारकडून कळलं ते एवढंच, की शिपाई बेपत्ता आहे. बेपत्ता माणसासाठी बारा वर्षं थांबायची रीत आहे. पण आबा रजेवर आले आणि म्हणाले, फौजेतला बेपत्ता म्हणजे मेलेलाच, मला विचारा. आजीला काही ते पटलं नव्हतं. पण आजोबा नव्हते, कर्ते आबाच, आणि त्यांचा शब्द म्हणजे हुकूम. मग गव्हाच्या पिठाचा माणूस केला, पवना नदीच्या काठी चितेवर ठेवला आणि आबांनी भावाला अग्नी दिला. दिवस घातले, गाव जेवलं, आणि आबा आघाडीवर परत गेले.

काका तेव्हा चांगले धडधाकट होते. गोऱ्या साहेबांनी शरणागती पत्करली होती, आणि आपल्या शिपायांना एका मैदानात उभं करून जपान्यांच्या हवाली केलं होतं. त्या छावणीतून काका आझाद हिंद फौजेत गेले, देश सोडवायला. पुढे इंफाळच्या डोंगरात एका अंगाला आबा होते आणि दुसऱ्या अंगाला काका. दोघे समोरासमोर आले नाहीत, असं दोघेही म्हणायचे. पण आबांच्या तुकडीतली बरोबरीची पोरं तिथे पडली, आणि कुणाची गोळी कुणाला लागली हे त्या जंगलात कोण बघत बसणार?

लढाई संपल्यावर काका परत आले. गोऱ्यांनी चौकशी करून त्यांच्यासारख्यांचे तीन भाग पाडले होते, पांढरे, करडे आणि काळे. काका काळ्यांत, म्हणजे पक्क्या फितुरांत निघाले, म्हणून फौजेतून हाकलले गेले. गावात आले तर गावाने त्यांचं दहावं-तेरावं जेवलेलं! ज्याचे दिवस घातलेत तो परत आला तर आमच्याकडे त्याला तसाच घरात घेत नाहीत. त्याला नव्याने जन्माला घालावं लागतं. आजीने ते केलं. मिशीवाल्या बाप्याला तिने ओसरीवर मांडीवर घेतलं, बोटाने मध चाटवला, त्याचे पाय पाळण्यात ठेवले आणि पाळणा म्हटला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि आजी रडत होती. मी तेव्हा कुंचीत होते, हे सगळं आईने सांगितलेलं. पण एवढ्याने होत नाही. ज्याने अग्नी दिला असेल त्याने उंबऱ्यात उभं राहून नावाने हाक मारायची, की तो माणूस आत येतो आणि पुन्हा घरचा होतो.

ती हाक आबांनी मारली नाही. ते फौजेतून आले, ओसरीवर भावाला बघितलं, आझाद फौजेचं ऐकलं आणि म्हणाले, "मी ज्याला अग्नी दिला त्यो मेला. ह्यो कोन हाय मला ठावं न्हाई." काका उठले आणि चिंचवडला जाऊन राहिले. पुढे एका कारखान्याच्या ट्रकवर ड्रायव्हर झाले. लग्न नाही झालं. दहावं झालेल्याला मुलगी कोण देणार?

मग स्वातंत्र्य आलं आणि सगळं फिरलं. मी शाळेत होते तेव्हाचा एक झेंडावंदनाचा दिवस मला चांगला आठवतो. गावाने काकांना चिंचवडहून मानाने बोलावलं होतं, हार घातला होता. आबा कोटावर पदकं लावून आले होते, इस्त्रीची घडी मोडू न देता. शाळेत नवीनच आलेले एक मास्तर हसत म्हणाले, "हे गोऱ्यांचे बिल्ले कशाला हो लावून आलात आज?" पोरं हसली. मीही पोरांतच बसले होते. आबांनी एकेक पदक काढून खिशात टाकलं आणि झेंडा वर जाईपर्यंत सावधान उभे राहिले. काका हार घालून समोर उभे होते. त्यांनी एक शब्द उच्चारला असता, की माझा भाऊही लढलाय, तर आमचं घर वेगळं झालं असतं. पुढे मी मोठी झाल्यावर त्यांना हे तोंडावर विचारलं. ते म्हणाले, "खोटं कशापायी बोलू? मला बी हार आवडला व्हता." काकांचा मला राग यायचा तो असा, आणि माया वाटायची तीही त्याच्यामुळेच.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, फौजेत गेला तो आबांसाठी. आबांनी जा म्हटलं नव्हतं, पण पोराची छाती मोजायची वेळ आली तेव्हा बाप आठ दिवस घरात गुणगुणत होता. आबांना गुणगुणताना आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. दादाचं लग्न झालं, वहिनी घरात आली, आणि वर्ष व्हायच्या आत चीनने हल्ला केला. मी तेव्हा पिंपरीच्या एका औषधाच्या कारखान्यात बाटल्या धुवायला जायची. कारखान्यातून घरी आले तर ओसरीवर माणसं बसलेली आणि वहिनी चुलीपुढे नुसती उभी. दादा बेपत्ता होता.

तोच शब्द. आईला रडू फुटलं. ती दादासाठी रडत नव्हती, निदान त्या क्षणी तरी नाही. ती आबांकडे बघत होती.

थंडीचे ते दिवस मी कसे काढले, मलाच ठाऊक. वहिनी रोज सकाळी ठसठशीत कुंकू लावायची आणि आबा समोरून गेले की मान खाली घालायची, जणू चोरी केली आहे. रात्री मला म्हणायची, "वन्सं, मामंजी काय करत्याल?" मी म्हणायची, काही करत नाहीत. पण मला आबा माहीत होते. एके दिवशी मी कारखान्यातून सुटून थेट चिंचवडला काकांकडे गेले. आम्हाला तिकडे जायची बंदी होती. काका स्टोव्हवर चहा करत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी स्टोव्ह बंद केला. मग म्हणाले, "बेपत्ता म्हंजी कुटंतरी हाय, आपल्याला दिसत न्हाई, येवढंच. तुज्या बाला सांग, आवंदा तरी दम धर."

दुसऱ्या दिवसापासून काकांनी वेगळंच सुरू केलं. चिनी लोकांनी आजारी आणि जखमी कैदी आधी सोडले होते, त्यांतले काही खडकीच्या लष्करी दवाखान्यात आलेत असं त्यांच्या कानावर आलं. ड्युटी संपली की काका खडकीला जायचे, फाटकाशी उभे राहायचे आणि काठी टेकत बाहेर येणाऱ्या प्रत्येक पोराला दादाच्या पलटणीचं नाव विचारायचे.

इकडे गावात निराळीच हवा होती. देशासाठी बायका अंगावरचे डागदागिने उतरवून देत होत्या, शाळेत सभा होत होत्या. एका सभेत पुढाऱ्यांनी आबांना व्यासपीठावर बोलावलं आणि वीरपिता म्हणून हार घातला. पदकं काढावी लागली त्याच शाळेच्या पटांगणात. आबा घरी आले ते हार गळ्यात तसाच ठेवून. रात्रभर त्यांनी तो काढला नाही. आईला ते एवढंच म्हणाले, "पोरानं नाव काडलं." मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं. जिवंत आहे की नाही हे कुणाला माहीत नाही, आणि हा माणूस त्याच्या मरणाचा हार घालून बसलाय! पण त्यांचा चेहरा बघितला आणि मला बोलवेना. इतकी वर्षं ज्या माणसाला कुणी लढवय्या म्हटलं नव्हतं, त्याला त्या दिवशी देशाने आपलं म्हटलं होतं.

त्यानंतर आबांनी जोशीबुवांना बोलावलं. जोशीबुवा म्हणाले, थांबा, घाई नको, रीत बारा वर्षांची आहे. आबा म्हणाले, "वाट जित्याची बगायची असती. माझं पोरगं कैदंत जानाऱ्यातलं न्हाई." आईने पाय धरले. वहिनीने तर पदर पसरला, "मामंजी, मला बारा वर्सं द्या, मी काय मागत न्हाई तुमच्याकडं." आबा तिच्याशी मऊपणाने बोलले, तेच मला जास्त लागलं. म्हणाले, "पोरी, तू वीराची बायको हायस. रडू नगंस."

अग्नी द्यायचं ठरलं त्या दिवशी अंगणात बायकांनी वहिनीला पाटावर बसवलं. मी आत दार लावून बसले होते, तरी बांगड्या फुटल्याचं ऐकू आलं. मी उठले आणि मागच्या दाराने नदीवर गेले. बायकांनी घाटावर जायचं नसतं. मी गेले.

चितेवर पिठाचा माणूस ठेवला होता. काका धापा टाकत माझ्या आधीच पोचले होते, कुणीतरी त्यांना निरोप दिला असावा. ते चितेच्या आणि आबांच्या मधे उभे होते.

"आण्णा," काका आबांना म्हणाले, "मला जाळलंस त्या दिशी मी छावनीत भात शिजवत व्हतो. पोरगं बी आसंल कुटंतरी."

आबांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघितलं. "माझं पोरगं हात वर करनार न्हाई."

"मी तरी कुटं केलं? सायबानं केलं, आमी निस्ते हुबे व्हतो."

"हुबे ऱ्हायलात. मंग फिरलात."

"व्हय, फिरलो. आपल्या देसाकडं फिरलो. आन् तू कुनाकडं तोंड करून हुबा व्हतास?"

आबांनी हातातली पेटती चूड जरा खाली घेतली. मला वाटलं, आता हे खाली ठेवतील. गावातली माणसं दोघांकडे बघत होती, आणि आबांनीही एकदा त्या माणसांकडे बघून घेतलं. मग त्यांनी काकांना हाताने बाजूला सारलं आणि चूड लावली. काका तिथेच बसले आणि लहान मुलासारखे रडले.

जेमतेम महिना गेला असेल. काका कारखान्याच्या फाटकाशी माझी वाट बघत उभे होते. खडकीत दादाच्या पलटणीचा एक पोरगा भेटला होता. पायाची बोटं बर्फाने गेलेली. त्याने दादाला छावणीत बघितलं होतं, आपल्या डोळ्यांनी, जिवंत. मी भर रस्त्यात ओरडले. मग आम्हा दोघांनाही एकदम आठवलं, घरात वहिनी पांढऱ्या कपाळाने बसली होती.

मी जेवण वाढताना आबांना सांगितलं. त्यांनी घास खाली ठेवला. "कोन म्हनतो?" मी काकांचं सांगितलं. "त्यो म्हनतो," ते म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले. वहिनीने मात्र त्याच रात्री माझ्याकडून कुंकू मागून घेतलं आणि पदराच्या आत, गळ्याखाली लावलं. तिथे ते कुणाला दिसणार नव्हतं.

उन्हाळ्यात कैदी सुटले. दादाला आपल्याच फौजेने आधी चौकशीच्या छावणीत ठेवलं. तिकडे काय शिकवलं, काय बोललास, काय लिहून दिलंस? मग घरी सोडलं. काका त्याला स्टेशनवरून घेऊन आले, आणि वाटेत त्यांनी त्याला सगळं सांगितलं असणार, कारण दादा उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. निम्मा राहिला होता तो. आईने ओसरीवर बसकण मारली, मधाची वाटी जवळ घेतली आणि त्याला ओढून मांडीवर घेतलं. पोरगंही लहान होऊन तिच्या कुशीत शिरलं. तिला पाळणा म्हणवेना, तो वहिनीने म्हटला. आता एक हाक राहिली होती.

आबा उंबऱ्यात आले. दादा उठून उभा राहिला, सावधान, जसा बापाला आवडायचा तसा.

आबांनी विचारलं, "हात वर केलंस?"

"गोळ्या संपल्या व्हत्या, आबा. बर्फात तीन दिस उपाशी व्हतो आमी."

"मी काय इचारलं?"

दादा म्हणाला, "व्हय. केलं."

आबा वळले आणि आत गेले. आम्ही सगळे वाट बघत राहिलो. सांज झाली, तरी आबा बाहेर आले नाहीत. शेवटी काकांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल बाबा, आपन दोघं बी एकाच जातीचं." वहिनी माजघरातून कुंकवाचा करंडा घेऊन आली, सगळ्यांसमोर कपाळभर कुंकू लावलं आणि त्यांच्या मागे चालायला लागली. तिने आबांना नमस्कारसुद्धा केला नाही. मला तेव्हा तिच्या पाया पडावंसं वाटलं होतं.

दादा चिंचवडला काकांच्याच खोलीत राहिला, पुढे एका कारखान्यात प्रेसवर लागला. तीन शिफ्ट, ओव्हरटाइम, दोन मुलं. चारचौघांसारखा संसार झाला. पण गावातल्या शाळेच्या भिंतीत त्याच्या नावाची शहीद म्हणून फरशी बसवलेली होती, आणि ती काढा असं म्हणायला कुणी पुढे आलं नाही. दरवर्षी झेंडावंदनाला आबा त्या फरशीला हार घालायचे. लोकांना माहीत होतं. लोक काय, दोन मैलांवर तो माणूस सायकलवरून कामाला जाताना रोज दिसायचा! पण वीरपिता म्हणून ज्याला एकदा हार घातला त्याच्या गळ्यातून तो काढायचा कुणी? दादाला कधी कुणी थट्टेत विचारायचं, "काय राव, आज तुमची पुण्यतिथी ना?" तो हसायचा. घरी येऊन जेवायचा नाही, असं वहिनी सांगायची.

मी आबांशी भांडले, अबोला धरला, लग्न होऊन गेले तरी येऊन भांडले. त्यांनी कधी आवाज चढवला नाही. त्या शांतपणाला डोकं आपटून आपटून मी थकले. आई गेली तेव्हा दादा घाटावर लांब उभा होता आणि अग्नी आबांनी दिला.

ऐंशी साल उलटून गेल्यावर आबा अंथरुणाला खिळले. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा मी दादाकडे गेले आणि अक्षरशः भीक मागितली. एकदा ये, उंबऱ्याच्या बाहेर उभा राहा, मी त्यांच्याकडून हाक मारून घेते. दादा आला. पहिली शिफ्ट करून आला होता, अंगावर कारखान्याचे खाकी कपडे, केस पांढरे व्हायला लागलेले. काकाही आले. मी दार सताड उघडलं. अंथरुणातून आबांना दोघेही दिसत होते.

मी म्हटलं, "आबा, नावानं हाक मारा. बाकी काय बी नको. माझ्यासाठी मारा."

ते खूप वेळ दादाकडे बघत राहिले. त्या डोळ्यांत राग नव्हता. माया होती, अगदी उघडी, आणि ती बघून मला वाटलं, झालं, आता मारतील. ओठ हललेसुद्धा. मग ते माझ्याकडे वळले.

"हाक मारली तर त्यो शाळेतला दगड काडत्याल," ते म्हणाले. "मी येवढी लढाई केली, ती कुनाचीच झाली न्हाई. गोरं गेलं, आपलं हसलं. ह्या देसाला मी दिल्यालं येवढंच हाय. त्यो जिता झाला तर माझं काय ऱ्हातंय गं?"

दादाने ते ऐकलं. काकांनीही ऐकलं. काका बाहेरूनच म्हणाले, "आण्णा, माझा हार तरी घ्यायचास की रं." आबांनी डोळे मिटून घेतले होते. दुसऱ्या दिवशी ते गेले.

घाटावर प्रश्न आला, अग्नी कुणी द्यायचा? एक भाऊ, त्याला यांनीच जाळलेला. एक मुलगा, त्यालाही यांनीच जाळलेला. दोघे समोर उभे होते आणि जाणती माणसं खाली बघत होती. कुणीतरी पुटपुटलं, "आता काय बगायचं, पोराला फुडं व्हऊ द्या." दादा म्हणाला, "मी न्हाई. माझं सगळं झालंय." मी मडकं उचललं. कुणी अडवलं नाही. मी फेरे घातले आणि अग्नी दिला, आणि ज्वाळा चढल्या तेव्हा मला दुःख झालं नाही, संताप आला. अजूनही येतो.

मग माझ्या डोक्यात आलं, की अग्नी आता मी दिलाय, घरातली कर्ती आता मी, मग आबांची राहिलेली हाकही माझीच. मी दादाकडे वळले आणि त्याला नावाने हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा, थोरल्या भावाला, सगळ्या गावासमोर, घसा फुटेस्तोवर. एकदा मारली, पुन्हा मारली.

दादाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, "तुज्या हाकंनं न्हाई व्हत गं, बाय." आणि काकांना हाताला धरून तो चिंचवडच्या रस्त्याला लागला, कारण त्याला दुसऱ्या शिफ्टला जायचं होतं.